ओट्यावरचं मीठ

बोईसरच्या वसाहतीत खोली मिळाली तेव्हा प्रेमलाने देवाआधी ओट्याला हात जोडले, असं तिची सासू जयवंतीबाई येईल त्याला सांगे. ओटा होताच तसा. काळा कडप्पा, कंबरेइतका उंच, पुसला की तोंड दिसावं असा. पाम गावच्या घरी चुलीपुढे वाकून कंबरेचा काटा ढिला झालेली प्रेमला त्याच्यापुढे ताठ उभी राहिली आणि तिने नेमच धरला: रांधणं आटपलं की ओट्यावर काडी दिसता कामा नये.

नेम सुनेचा, अन् तो मोडायचं व्रत सासूचं. म्हातारी बाहेरून आली की पानाची चंची, वाडीतली केळी, कुणी दिलेलं पडवळ, जपमाळ, सगळं ओट्यावर.

"आय, ओटा!" प्रेमला ओरडे.

"आमच्या पामला ओट्यावर माणसं बसतात, बाय. तू पडवळालासुद्धा बसू देत नाय!"

एका गोष्टीत मात्र सून हरली होती. मिठाची बरणी. "ती हलवायची नाय," म्हातारीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "आपल्या घरात मीठ जागचं उठतं ते माणूस गेल्यावर. सुतकाचं आळणी रांधायचं असतं तेव्हा." धाकटा दीर दादू ती चिनीमातीची बरणी एसटीत मांडीवर घेऊन पामहून आला होता. "देवी आणली, वहिनी, देवी!" म्हणत त्यानेच ती कोपऱ्यात बसवली. त्याला तीन वर्षं झाली.

त्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बळवंत, प्रेमलाचा नवरा, कामावरून मधेच सायकलने आला. वहाणा न काढता दारातच उभा राहिला.

"दादू गेला."

"कुठं?" प्रेमलाने विचारलं.

"सफाळ्याला. सासऱ्याच्या माडावरून पडला. आय कुठं हाय?"

"बेटेगावला. सप्त्याच्या कीर्तनाला."

"तिला इतक्यात सांगू नको. मी त्याला घेऊन येतो. सकाळपासून उपाशी असेल ती. चार घास पोटात जाऊ देत. कळलं तर पाणीसुद्धा घ्यायची नाय. एवढं कर."

"करते," ती म्हणाली.

सायकल गेली. रडू येईल म्हणून प्रेमला थांबली, आलं नाही. अंगातलं माणूस उठून कुठे गेलं होतं आणि हात तेवढे मागे राहिले होते. हातांनी भात टाकला. डाळ फोडणीला दिली. तिच्यात मीठ घातलं की नाही, ते काही आठवेना. मग हात ओट्याकडे वळले. पळी उचलली, ताट उचललं, काड्यांची पेटी उचलली, बरणी उचलली. सगळं खालच्या फडताळात गेलं. फडताळाचं दार लागलं. ओल्या फडक्याने कडप्पा पुसला, पुन्हा पुसला. कोपऱ्यात बरणीच्या बुडाचं पांढरं कडं उमटलं होतं. ते काही निघेना. तिने नाद सोडला.

दिवे लागायच्या आत म्हातारी आली. कपाळाला बुक्का, चेहरा नुसता फुललेला.

"काय रंगले गं बुवा आज! आन् कुणाची बाजू घेतली ठाऊक हाय? तुझी! म्हणाले, देव दाराशी उभाच असतो, पण तुमी घरात ठेवलीय का जागा? जिथं तिथं पसारा. मी बाजूच्या भागीला म्हटलं, ही आमची प्रेमला बोलते की काय बुवांच्या तोंडातून!" आपल्याच बोलण्यावर हसत तिने पदराची गाठ सोडली. नारळाची शकलं, लाह्या, तुळशीची चार पानं, एकेक करत ओट्यावर मांडली आणि ओरड्याची वाट बघत थांबली.

प्रेमलाने ताटात भाताची मूद पाडली.

"आज रागावत नायस?"

"पानावर बसा, आय. भात निवतोय."

"बसते. पण जरा मीठ—" म्हातारीचा हात सवयीने कोपऱ्याकडे गेला आणि नुसत्या दगडावर टेकला.

"मीठ कुठं हाय?"

"बरणी घासायला घेतली," प्रेमला म्हणाली. आवाज तिचाच होता, सरळ होता.

म्हातारीने फडताळाकडे पाहिलं नाही. तिचं बोट त्या पांढऱ्या कड्यावरून गोल फिरलं. एकदा, पुन्हा एकदा.

"थोरला का धाकटा?"

एवढं कर, असं बळवंत म्हणाला होता. ताटात भाताची मूद होती, शेजारी पाण्याचा तांब्या. खोटं बोलायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि खरं बोलायलाही. प्रेमलाने तोंड उघडलं.

"धाकटे."

म्हातारी ओरडली नाही.  ती प्रसाद गोळा करू लागली. नारळाची शकलं पदरात घेतली, तुळशीची पानं घेतली. लाह्या बारीक, त्या एकेक वेचल्या, कडप्प्याच्या कडेला अडकलेली एक नखाने काढली. कधी नव्हे ते ओल्या जागेवरून पदराचं टोक फिरवलं.

"भात झाकून ठेव," ती म्हणाली. "बळवंत दमून येईल."

प्रेमलाने ताटावर ताट पालथं घातलं. ते ओट्यावर ठेवायला हात पुढे झाला, थांबला. तिने ते खाली जमिनीवर ठेवलं आणि त्याच्याजवळ दोघी बसल्या.