अर्ध्यावर थांबलेलं आख्यान

मित्रांनो, मी एक जुनी हातपेटी. बाजाची पेटी म्हणा, हार्मोनियम म्हणा, मी ओ देईन. माझा जन्म मुंबईतला, भायखळ्याच्या एका कारागिराच्या हातचा. पण माझं बरंचसं आयुष्य इस्राएलात, नेगेवच्या वाळवंटातल्या येरुहाम गावी गेलं.

मला इथे आणलं पिन्हासबाबांनी. ते मूळचे रेवदंड्याकडचे, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. दिवसभर कारखान्यात राबायचे आणि शनिवारचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, संपला, दिवा लावून प्रार्थना झाली, की कीर्तनाला उभे राहायचे. हातात झांज, डोक्यावर टोपी, समोर चटईवर शेजारीपाजारी आणि मधोमध मलिद्याचं ताट. गोड पोह्यांचा आणि खोबऱ्याचा तो वास माझ्या लाकडात अजून मुरलेला आहे. त्यांचा मुलगा मेयर मला वाजवी. काय सांगू, बाबांनी देवाचं नाव घेऊन पहिला सूर लावला, की माझा भाता आपोआप भरून येई.

बाबांचं आवडतं आख्यान योसेफाचं. पूर्वार्धात भाऊ योसेफाला विकतात आणि तो शेजारच्या मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, जाऊन मोठा कारभारी होतो. उत्तरार्धात म्हातारा बाप याकोब त्याला भेटतो. तिथे एक पद होतं: 'रथ थांबव सारथ्या, बाप दिसला दुरून.' ते आलं की बायका पदर डोळ्यांना लावत. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. ते फक्त बाबांच्या गळ्यात होतं.

मेयर कपडे शिवण्याच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करी. १९९८ साली मालकांनी कारखाना यार्देन नदीपलीकडे, जॉर्डनमधल्या इर्बिद शहरात हलवला. मेयरला म्हणाले, "दोन वर्षं तिकडे चल, माणसं तयार कर." नाही म्हणावं तर इथे दुसरं काम नव्हतं.

निघण्याआधीच्या शब्बाथनंतर कीर्तन झालं. योसेफ मिसरचा कारभारी झाला आणि बाबांनी झांज खाली ठेवली.

"उत्तरार्ध मेयर कायमचा घरी येईल तेव्हा."

आख्यान अर्ध्यावर सोडायची आमच्यात रीत नाही. शेजारच्या रूतीमावशी म्हणाल्या, "पिन्हासभाऊ, याकोबाला असंच वाटेवर उभं ठेवणार?"

"ठेवणार. मीही उभाच आहे."

मग त्यांनी स्वतःच मला मेयरच्या गाडीत ठेवलं. "तिकडे आपलं माणूस नाही. ही तरी असू दे."

सीमेवरच्या नदीच्या पुलावर जॉर्डनच्या अधिकाऱ्याने मला उघडायला लावलं. "ही कसली मशीन?"

"गाण्याची," मेयर म्हणाला.

"मग गाऊन दाखव."

मेयरने तिथेच टेबलावर मला वाजवलं. मागची रांग हसली, एकाने ताल धरला. नदी अगदी ओढ्याएवढी दिसत होती. एवढीशी नदी माणसाला किती दूर नेते!

इर्बिदमधल्या खोलीत मेयर खिडक्या लावून मला हळूच वाजवी. दर महिन्याला तो घरी जाई, पण मला न नेता. परतल्यावर मला सांगे, बाबा दारातच विचारतात, "घरी आलास की भेटायला?"

"भेटायला, बाबा."

"मग बस, चहा घे. आख्यान राहू दे."

दुसरं वर्ष संपत आलं, तसं साहेबांनी सांगितलं, "इथेच राहा. सगळा विभाग तुझ्या हाती देतो." मेयरचं मन जवळजवळ वळलं होतं. त्या संध्याकाळी त्याने मला पुढ्यात घेतलं. पूर्वार्ध बिनचूक वाजवला आणि रथाच्या पदाशी बोटं अडली. चाल आठवेना. तीनदा प्रयत्न केला, मग येरुहामला फोन लावला.

"बाबा, रथाचं पद कुठल्या सुरावर उचलायचं?"

"फोनवर नाही सांगणार. इथे येऊन विचार," बाबा म्हणाले. आवाज फाटका होता. लगेच मेयरची बायको सॅली फोनवर आली.

"अहो, बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. घशात गाठ आहे. पुढच्या रविवारी बेर्शेबाच्या इस्पितळात ऑपरेशन. नंतर आवाज राहील, असं डॉक्टर सांगत नाहीत."

मेयरने फोन ठेवला आणि माझा भाता बांधला. पुलावर तोच अधिकारी होता. "गाण्याची मशीन! परत कधी?"

"परत नाही. घरी चाललोय."

शुक्रवारी दुपारी आम्ही पोचलो. बाबा दारात. "घरी आलास की..."

 मेयरने मला माझ्या जुन्या चटईवर ठेवलं.

शनिवारी शब्बाथ संपला आणि उत्तरार्ध सुरू झाला. इर्बिदच्या धुळीने माझा एक सूर मुका झाला होता, बाबांचा आवाज त्याहून फाटलेला. आम्ही दोघं एकमेकांना सांभाळत चाललो. बाबा 'रथ थांबव' म्हणाले आणि आवाज गेलाच. सगळे खाली पाहू लागले. तेवढ्यात मेयरची मुलगी नोफार उठली. मराठीत विचारलं तरी हिब्रूत उत्तर देणारी ही पोर! पण गेली दोन वर्षं आजोबा स्वयंपाकघरात गुणगुणत, तेव्हा तिने ते पद हिब्रू अक्षरांत वहीत उतरवून घेतलं होतं.

"सबा, मी म्हणू?" तिने आजोबांना विचारलं.

तिचा 'र' घशातून येत होता, पण चाल तंतोतंत होती. मेयरच्या बोटांना वाट सापडली. बाबांनी झांज उचलली, आणि याकोब योसेफाला भेटला.

ऑपरेशन पार पडलं, देवाची कृपा. आवाज मात्र परतला नाही. मेयर आता गावातच मशिनी दुरुस्त करतो. त्याने माझा मुका सूरही बदलला. कीर्तनाला नोफार गाते, बाबा झांज धरतात, आणि रथाच्या पदाला त्यांचे ओठ हलतात. ते मला अगदी स्पष्ट ऐकू येतं.

मित्रांनो, मला कपाटात कोंडू नका, धूळ झटका, अधूनमधून भात्यात वारा भरा, एवढंच मागणं. आणि तुमच्या घरी कुणाच्या गळ्यात असं एखादं पद असेल, तर फोनवर विचारू नका. जा. समोर चटईवर बसा.