तिसऱ्या घरातली बदकं

मॉय सुएगिन म्हातारीला एका गोष्टीचा भारी माज होता. बारा वर्षांची असताना, चीनहून अमेरिकेत शिरण्याआधी, एंजल बेटावरच्या लाकडी कोठडीत गोऱ्या साहेबांनी तिला दोन दिवस प्रश्न विचारले, आणि ती एकदाही चुकली नाही. विहिरीला पायऱ्या किती, दार कुठल्या दिशेला, शेजारी कोण. मोठमोठे बाप्ये तिथं घाम फुटून चुकले आणि परतीच्या बोटीत बसले. ही पोरगी नाही चुकली.

ज्या फोंगची मुलगी म्हणून ती उतरली तो तिचा बाप नव्हताच. कागदावरचा बाप; तेव्हा चिन्यांना बंदी होती, आधीच आत असलेल्याच्या पोरांनाच तेवढं शिरता येई. चायनाटाउनातली अर्धी बिऱ्हाडं अशी कागदावर जन्मलेली, तेव्हा कोण कुणाला नावं ठेवणार? खऱ्या बापानं बोटीवर चढवताना एवढंच कानात सांगितलं होतं, "तू मॉयची पोर. पोटात ठेव." तिनं अठ्ठावन्न वर्षं पोटात ठेवलं.

आता सत्तरीला तिला आपल्या थडग्याचा दगड जिवंतपणीच कोरून हवा होता. पोरांवर सोडलं तर पोरं काहीही लिहितील. नवऱ्याशेजारची जागा राखलेली होती. त्या टेकडीवर सगळ्यांचे दगड दुतोंडी. इंग्रजीत सरकारी आडनाव, चिनी अक्षरांत खरं आडनाव आणि खरं गाव. सरकारला चिनी येत नाही आणि पितरांना इंग्रजी, त्यामुळे दोघंही सुखी. चिंगमिंगला, म्हणजे पितरांचे दगड धुवायच्या दिवशी, हिचाही दगड उभा राहायला हवा होता, आणि पाथरवट लुईला शुक्रवारी मजकूर द्यायचा होता. मजकूर ठरलेलाच होता: मॉय, गाव साम-हाप.

गुरुवारी दुपारी नात आली, डाफ्नी. पोरगी कॉलेजात आपल्याच लोकांचा इतिहास शिकत होती.

"त्यासाठी कॉलेज कशाला?" म्हातारी मोड आलेल्या मुगाच्या शेपट्या खुडता खुडता म्हणाली. "चार जिने चढून माझ्याकडे आली असतीस तरी झालं असतं."

"आलेय ना! पोपो, हे बघ काय मिळालं. सरकारी दप्तरातून तुझी जबानी काढलीय. सगळी पानं."

"वाच मग. बघ तुझ्या आजीचं डोकं कसं चालायचं ते."

डाफ्नीनं वाचायला घेतलं. "तुझं गाव कोणतं? उत्तर, साम-हाप."

"बरोबर."

"बरोबर कसं, पोपो? तू तर फोंगची मुलगी म्हणून आली होतीस. मग गाव त्याचंच सांगितलं असणार ना?"

म्हातारीची बोटं मुगात थांबली.

"काहीतरी बोलू नकोस. आमच्या विहिरीला सात पायऱ्या होत्या. शेवाळलेल्या. माझ्या पायांना अजून गार लागतात."

"सात पायऱ्या. पान तीन."

"देवळासमोर लिचीचं झाड, वीज पडून अर्धं जळलेलं."

"पान चार."

"एका डोळ्यानं आंधळा कोंबडा?"

"पान पाच. डावा डोळा की उजवा, तेही विचारलंय."

"मेले! कोंबड्याचं लग्न जुळवत होते की काय?" असं म्हणून ती हसली. फोंगच्या गावाची उत्तरं लिहिलेला एक कागद बोटीवर तीन आठवडे तिनं घोकला होता आणि मग समुद्रात टाकला होता. त्यावर शेवाळ लिहिलेलं होतं का? गारवा लिहिलेला होता का? मग पायांना गार लागत होतं ते कुठून? खरं गाव आठवावं म्हणून तिनं डोळे मिटले, तर परत तीच विहीर, तोच कोंबडा. त्यांच्या मागं काहीच नव्हतं.

"निदान चुकले तर नाही ना कुठं?" तिनं विचारलं. आवाज तिच्या नेहमीच्या मानानं फारच बारीक होता.

डाफ्नीनं पान उलटलं. "एकदा चुकलीस."

"खोटं."

"ओळीतलं तिसरं घर कुणाचं? तू म्हणालीस, सुईण काकूचं, तिच्याकडे बदकं आहेत. फोंगला वेगळं बसवून विचारलं, तर तो म्हणाला, ते घर रिकामं आहे. दुसऱ्या दिवशी परत विचारल्यावर तूही रिकामं म्हणालीस." पोरीचे डोळे चमकायला लागले. "अगं पोपो, ती काकू कागदातली नाही! तुझ्या तोंडून निसटली. तुझ्या खऱ्या गावातली असणार ती!"

"कोण काकू?"

"सुईण! बदकांवाली!"

म्हातारीनं डोक्याला पुष्कळ ताण दिला. पायऱ्या आल्या, झाड आलं. बदक एकही आलं नाही.

"मला कुठलीच काकू आठवत नाही गं," ती म्हणाली.

शुक्रवारी लुईनं पेन्सिल कानावरून काढली. "बोला मावशी. गाव?"

"गावाचं राहू दे."

"राहू दे कसं? गावाशिवाय पितर तुम्हाला शोधणार कुठं? साम-हाप म्हणाला होतात ना?"

क्षणभर तिच्या मनात आलं, लिहून टाकावं. त्या गावाला आपल्याइतकं कोण ओळखतं? पण मग तिथल्या मेलेल्या फोंग बायका वेशीवर अडवतील. विचारतील, विहिरीला पायऱ्या किती? आणि हिला तेसुद्धा बिनचूक सांगता येईल. नको, मेल्यावर पुन्हा ती जबानी नको.

"मॉय लिही," ती म्हणाली. "खाली एका ओळीची जागा सोड. आणि तोंड वासून बघू नकोस, माशी जाईल."

परतताना ती कोंबड्यांच्या दुकानासमोर थबकली. खालच्या पिंजऱ्यात बदकं दाटीवाटीनं बसली होती. त्यांचा वास आला, कलकलाट आला. ती वाकली, जाळीला नाक लावून बघत राहिली.

"मावशी, जाड हवं की मध्यम?" दुकानदारानं विचारलं.

"गप रे," ती म्हणाली. "बघू दे जरा."