नवरीची माय

"आई, हे काय वं? नवरीची माय अन् चॉकलेटी साडी?"

इस्त्रीची पांढरी साडी दीक्षाच्या हातात तशीच राहिली. प्रेमिला तिच्याकडे पाठ करून निऱ्या खोचत होती.

"मले हेच बरं दिसते."

"बरं दिसते म्हणे! साऱ्या वस्तीच्या लग्नात पांढरी नेसून बुद्धवंदना सांगत आली. माह्याच लग्नात काहून रंग सुचून राहिला तुले?"

प्रेमिलाचा गर्भपिशवीच्या मुखाचा कॅन्सर विजेच्या शेकांनी, म्हणजे रेडिएशननं, गेला, त्याला वर्ष होऊन गेलं. पोरीच्या लेखी आई बरी झाली होती. पण त्या शेकांनी आतलं आतडंही भाजलं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा प्रेमिलाजवळ नवरा, देवराव, तेवढा होता. कळ आली की संडासला उठावंच लागे. कधी उठायच्या आधीच साडीला रक्त लागे. आज लग्न लागेपर्यंत तरी पोटानं धीर धरावा म्हणून ती कालपासून नुसत्या पाण्यावर होती.

"सांगून टाक तिले," दारातून देवराव म्हणाले.

"तुमी चूप बसा नं." मग तीच हळू बोलली, "पोरी, बिमारी नाई परतली. पण शेकानं आतडं भाजलं माये. खालून रगत जाते. पांढऱ्यावर दिसन."

दीक्षानं पांढरी साडी खाटेवर ठेवली. खाली बसली अन् आईच्या निऱ्या सारख्या करू लागली.

विहारापुढच्या मांडवात प्रेमिलानं माइक घेतला. पोट रितं होतं, पण आवाज भरलेला. ती पुढे म्हणे, मांडव मागून म्हणे. पंचशील झालं, वधूवरांची वचनं झाली. आता आशीर्वादाच्या गाथा अन् फुलं, एवढंच उरलं होतं. तोच पोटात पीळ पडला. तिनं शेजारच्या सुमतीच्या हाती माइक दिला.

"थांब न वं जराशी. पोरीवर फुलं तं टाक!"

"माह्यं पोट थांबते का, बाई?"

विहारामागच्या संडासाच्या दाराला कडी लागत नव्हती. आत बसल्या बसल्या तिला गाथा ऐकू येत होत्या. मधेच सुमती अडखळली. पुढची ओळ प्रेमिलाच्या ओठांवर आली, पण या जागी कशी म्हणावी? तिनं ओठ मिटले. बाहेर कुणीतरी सावरून घेतलं. मग सारा मांडव एका सुरात म्हणाला, "साधु! साधु! साधु!"

दीक्षाचं लग्न लागलं.

प्रेमिलाचे हात जुळायला निघाले. पण एका हातानं दार धरायलाच हवं होतं. दुसरा तिनं एकटाच छातीशी नेला.