परदेश कुठला, ते तूच ठरव

महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या मेळाव्यात जोडप्यांचा खेळ ठेवायचा, ही प्राजक्ताची कल्पना. बँकेची बदली होऊन ती नुकतीच नागपूरहून कलकत्त्याला आली होती आणि उत्साह नुसता उतू जात होता. तिळगूळ वाटून होतो न होतो तोच तिने चार-पाच जोडपी स्टेजवर ओढली. त्यांत दत्तात्रय आणि वृंदा होते. दत्तात्रय डिसेंबरअखेर कस्टम्समधून निवृत्त झाले होते, त्यामुळे त्या संध्याकाळचे ते उत्सवमूर्तीच होते.

खेळ सोपा होता. बायकांनी उत्तर चिठ्ठीवर लिहायचं, नवऱ्यांनी ते ओळखायचं. आवडती भाजी दत्तात्रयांनी बरोबर ओळखली. आवडता रंगही ओळखला. मग प्राजक्ताने विचारलं, "आता काका, काकूंना परदेशात सगळ्यात जास्त कुठे जावंसं वाटतं?"

"स्वित्झर्लंड!" दत्तात्रयांनी माईक जवळजवळ हिसकावून घेतला. "यात ओळखायचं काय? मुलं तिकिटं काढून देणार आहेत आम्हाला, निवृत्तीची भेट म्हणून."

टाळ्या पडल्या. प्राजक्ताने चिठ्ठी उघडली आणि ती थबकली. "मंडाले?"

हॉलमध्ये क्षणभर कोणाला काही कळेना. मग मागून कोणीतरी ओरडलं, "अहो, वहिनींना मंडालेला कशाला धाडताय? त्यांनी काय राजद्रोह केलाय?" आणि सगळा हॉल हसत सुटला. दत्तात्रयही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. ते वृंदाला एकटीला दिसलं.

मंडळातून बाहेर पडल्यावर दोघं टॅक्सीत बसली.

"चारचौघांत मला तोंडघशी पाडलंस," दत्तात्रय म्हणाले.

"मला विचारलं, मी लिहिलं."

"पण मंडाले? हे कुठून काढलंस अचानक?"

वृंदाने त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते खरंच विचारत होते. चिडवत नव्हते, की टाळत नव्हते. त्यांना खरोखरच आठवत नव्हतं.

अचानक? वृंदा रत्नागिरीची. थिबा पॅलेसच्या रस्त्यावर तिचं माहेर. इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या राजाला मंडालेहून उचललं आणि आणून रत्नागिरीत ठेवलं. तिथेच तो गेला. हे तिथल्या पोराटोरांना पाठ असतं. शाळेतून घरी येताना वृंदा त्या वाड्याच्या कुंपणाशी थांबायची. हा माणूस रोज सकाळी उठून समुद्राकडे बघताना नेमकं काय आठवत असेल, असं तिला वाटायचं. तो जिथून आला ते गाव एकदा पाहायचं, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. लग्न झालं, कांडला झालं, विशाखापट्टणम झालं, मग कलकत्ता. प्रत्येक वेळी बदलीचा हुकूम यायचा, दत्तात्रय म्हणायचे, "सामान बांधायला घे," आणि वृंदा बांधायला घ्यायची. कुठल्या गावाला जायचं, हे तिला कधी कोणी विचारलं नाही. सरकारी नोकरीत ते दत्तात्रयांनाही कोणी विचारत नसे, हे खरं. पण निदान हुकूम त्यांच्या नावाने यायचा.

कलकत्त्याला आल्यावर मात्र त्या जुन्या इच्छेने उचल खाल्ली होती. तेव्हा इथून रंगूनला थेट विमान होतं. क्वार्टर्समधल्या शेजारणीने, यामिनीदीने, मंडालेला जाऊन येऊन फोटो दाखवले होते. वृंदाने दत्तात्रयांना विचारलं. "रजा कुठे आहे?" पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. "ब्रह्मदेशात आहे काय बघण्यासारखं?" मग तिने एकटीने धावपळ करून स्वतःचा पासपोर्ट काढला आणि तो त्यांच्यासमोर ठेवला. "अरे वा," ते म्हणाले होते, "माझाही काढू. निवृत्त झालो की निवांत जाऊ." त्यानंतर महासाथ आली, आणि ती सरायच्या आतच तिथे लष्कराने सत्ता बळकावली. आता तिकडे लढाई चालू होती. भूकंपाने मंडालेची दैना उडवल्याचं तिने टीव्हीवर पाहिलं, तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून ती बातमी संपेपर्यंत उभी राहिली होती, आणि दत्तात्रयांनी "जरा क्रिकेट लाव गं" म्हटल्यावर तिने चॅनल बदललं होतं.

हे सगळं तिने टॅक्सीत बोलून दाखवलं. दत्तात्रयांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण आता तिथे कसं जाणार? काहीतरी शक्य असेल ते बोल ना."

आणि त्यांचं बरोबर होतं. तोच तर संताप होता. ते बरोबर होते म्हणून तिला भांडताही येईना.

दुसऱ्या दिवसापासून दत्तात्रयांनी भरपाई करायचं मनावर घेतलं. बेहालाच्या त्यांच्या नव्या फ्लॅटमध्ये रोज सकाळी चहाबरोबर एकच वाक्य येऊ लागलं: "परदेश कुठला, ते तूच ठरव."

"जपान," वृंदा म्हणाली.

"भाषेचं काय करणार? पाटीसुद्धा वाचता येत नाही."

"कांडल्याला गुजराती वाचता येत होतं का आपल्याला? बरं, व्हिएतनाम."

"तिथे खायचे हाल."

"श्रीलंका."

"तो काय परदेश झाला? अजून काही सुचव. मी नाही कुठे म्हणतोय? तूच ठरवायचंस."

एका संध्याकाळी ते फार खुशीत घरी आले. "सापडलं! बँकॉक. तिथेही बुद्ध, तिथेही सोन्याची देवळं. एकाच साच्यातलं सगळं. तुझं मंडाले झाल्यासारखंच की."

"तुम्हाला रत्नागिरीला जायचं असताना कोणी गोव्याला नेलं तर चालेल?"

"न चालायला काय झालं? मासे दोन्हीकडे मिळतात."

वृंदा उठून आत गेली. यावर काय बोलणार? या माणसाला गोवा खरंच चालला असता.

रविवारी मुलांचा फोन आला. चैत्राली पुण्यात होती, उन्मेष बंगळुरूत. उन्मेष लहानाचा मोठा कलकत्त्यात झाला, त्यामुळे त्याची मराठी अडखळत चालायची. "आई, तू इतका राग का करते आहेस? बाबा तर बोलतोय ना, तुझी पसंत?"

"बाबा बोलतोय नाही रे, बाबा बोलताहेत," वृंदा म्हणाली. मुलाची मराठी सुधारण्यातच तिचा सगळा जोर संपला, आणि जे सांगायचं होतं ते राहिलं.

"आई, नुसती गप्प बसू नकोस," चैत्राली म्हणाली. "तुला नक्की काय हवंय?"

"मला जे हवं होतं त्याची वेळ गेली. आता दुसरं काहीतरी मनापासून हवंसं वाटायला थोडा अवधी द्या. हे बाबा तुमचे रोज सकाळी रांगेत उभं केल्यासारखं विचारतात. इच्छा अशी चहाबरोबर उगवते होय?"

दत्तात्रय शेजारच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "असा घोळ घालत बसलो तर सीझन निघून जाईल."

त्याच आठवड्यात त्यांनी स्वित्झर्लंड ठरवून टाकलं. मुंबईच्या एका यात्रा कंपनीबरोबर, मराठी माणसं, जेवायला वरणभात, मे महिन्यातली तारीख. वृंदाला ते कळलं ते कंपनीच्या बाईचा फोन आला तेव्हा: "काकू, तुमचं जेवण कांदा-लसणाचं की बिनकांद्याचं?"

फोन ठेवून ती बाल्कनीत गेली. खाली रिक्षावाल्यांची वादावादी चालली होती. दत्तात्रय मागे येऊन उभे राहिले. "रागावलीस? अगं, कुणी तरी ठरवायला हवं होतं ना."

"मग 'तूच ठरव' हे नाटक कशाला केलंत? सरळ 'सामान बांधायला घे' म्हणायचं होतंत. ते निदान ओळखीचं आहे मला."

दत्तात्रयांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, पण ते बोलले एवढंच, "बघशील, तुला आवडेल."

आता सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं. अडलं ते दत्तात्रयांच्या पासपोर्टवर. त्यांनी तो कधी काढलाच नव्हता. तसा भरपूर वेळ होता. पण ज्या माणसाने कलकत्त्याच्या खिदिरपूर गोदीत वर्षानुवर्षं लोकांचे कागद एका चुकीसाठी परत पाठवले, त्यानेच अर्जात पत्ता लिहिला तो सोडलेल्या क्वार्टर्सचा. निवृत्तीनंतरही हाताला सवय जुन्याच पत्त्याची होती. पोलीस चौकशीला गेला तेव्हा तिथे केदार नावाचा नवा अधिकारी राहायला आलेला. त्याने खरं तेच सांगितलं, की हे गृहस्थ इथे राहत नाहीत. तसा अहवाल गेला आणि सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

दत्तात्रय रोज बाहेर पडायचे, घामाने निथळत परत यायचे. आधी चिडले, मग हबकले. जुन्या ओळखी काढून पाहिल्या. लोकांनी चहा पाजला, "होईल साहेब, होईल" म्हणाले. पण व्हिसासाठी कागद द्यायची मुदत आली आणि दत्तात्रयांच्या हाती पासपोर्ट नव्हता. वृंदाने स्वतःचा देऊन टाकला होता, बोटांचे ठसेही दिले होते. तिचा व्हिसा आला.

"ठीक आहे," दत्तात्रय जेवताना म्हणाले, "दोघांचं रद्द करू. दिवाळीनंतर जाऊ."

वृंदाचा घास हातातच राहिला. "माझं का रद्द?"

"म्हणजे काय? तू एकटी जाणार?"

"एकटी कुठे? गाडीभर माणसं आहेत. वरणभात आहे."

"अगं, पण तुला तर स्वित्झर्लंड नकोच होतं!"

"नकोच होतं."

"मग?"

"मग काय? दिवाळीनंतर, निवृत्त झाल्यावर, रजा मिळाल्यावर. हे शब्द ऐकून माझा जीव विटलाय. दिवाळीनंतर माझे गुडघे राहतील की नाही, ते डोंगर राहतील की नाही, मला काय माहीत? मी जाणार."

दत्तात्रय ताट तसंच ठेवून उठले. दोन दिवस ते तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिलाही दोनदा वाटलं, सोडून द्यावं. चैत्रालीला फोन करून रद्द करायला सांगावं. एकदा तिने नंबर फिरवलाही. "आई, बोल," चैत्राली म्हणाली, आणि वृंदा म्हणाली, "काही नाही गं, लोकरीचे मोजे किती घेऊ?"

ती गेली. जाताना दत्तात्रयांनी विमानतळावर तिची बॅग ढकलगाडीवर चढवली आणि कस्टम्सच्या सूचना सांगत बसले. काय न्यायचं, काय आणायचं नाही. ती हो हो म्हणत राहिली. आत गेल्यावर काचेतून पाहिलं, तर ते अजून तिथेच उभे होते, खिशात हात घालून, काहीतरी शोधत असल्यासारखे.

स्वित्झर्लंड सुंदर होतं. याचाच तिला राग आला. इतकं नको असलेलं ठिकाण इतकं देखणं असावं? हिरव्या उतारांवर गाई चरत होत्या, तळी आरशासारखी पडली होती. तिला ते आवडत होतं, आणि आवडतंय हे कबूल करणं म्हणजे दत्तात्रय जिंकल्यासारखं होतं. बसमधला प्रत्येक जण विचारायचा, "मिस्टर नाही आले?" पहिल्या दिवशी तिने पासपोर्टची सगळी कथा सांगितली. नंतर "नाही" एवढंच सांगू लागली. निर्मला नावाची साताऱ्याची एक विधवा बाई तिच्या खोलीत होती. ती म्हणाली, "मला निदान कोणी विचारत नाही," आणि दोघी खूप हसल्या. मग वृंदाला आपण हसलो याचीच लाज वाटली.

रोज संध्याकाळी दत्तात्रयांचा व्हिडिओ कॉल यायचा. "बर्फ दाखव. अगं, फोन डावीकडे फिरव. डावीकडे! माझ्या डावीकडे नाही, तुझ्या डावीकडे!" तिचे हात गारठलेले असायचे. एकदा तिने सरळ फोन बंद केला आणि नुसती बर्फाकडे बघत उभी राहिली, बस हॉर्न देईपर्यंत. त्या सबंध सहलीत तिला स्वतःचं म्हणून मिळालेलं ते एवढंच.

परत आली तेव्हा दत्तात्रय विमानतळावर होते. बारीक झालेले दिसले. बॅग हातात घेताच त्यांनी विचारलं, "आवडलं ना? मी म्हटलं नव्हतं?"

"अर्धं आवडलं."

"अर्धं म्हणजे?"

"अर्धं म्हणजे अर्धं."

टॅक्सीत बसल्यावर ते म्हणाले, "माझा पासपोर्ट आला परवा. बरोबर पत्त्यावर." मग जरा थांबून, "घरी एकट्याला करमेना. म्हटलं, ही कलकत्त्याला नवीन आली होती तेव्हा मी दिवसभर गोदीत असायचो, तेव्हा हिचं काय होत असेल."

वृंदाला या बोलण्याने बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण इतकी वर्षं गेल्यावर, टॅक्सीत, प्रवासाने अंग आंबलेलं असताना ते ऐकून तिला मुख्यतः थकवाच आला.

"पुढच्या वेळी ठिकाण मी ठरवणार," ती म्हणाली. "तिकिटं काढीन, मग तुम्हाला सांगेन. यायचं तर या."

गाडी सिग्नलला थांबली. बाहेर उकाडा मी म्हणत होता.

"पण निदान देश कुठला ते तरी आधी..."

"अहो!"

ते गप्प बसले. पण ते गप्प बसणं काही मान्य केल्याचं नव्हतं, हे वृंदाला माहीत होतं. घर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात वाद घालत राहिले, आणि तीही घालत राहिली.