न अडखळलेलं वर्तुळ

दोन हजार बारा साली काकूंच्या जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा तारा जास्त असायच्या. मधोमध जुना कॉम्प्युटर पोट उघडं टाकून पडलेला. काकू आणि नुकतेच वारलेले काका यांनी तो तरुणपणी स्वतः जोडला होता. आता त्याची मेमरी गेली होती. तो पुन्हा आपल्या जिवावर चालताना बघायचा, एवढाच काकूंचा हट्ट.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्या पुतण्याने मेमरीचं नवं कार्ड करायला घेतलं. पण नव्या चिप्सना जुने पाच व्होल्ट सोसेनात, जळल्या. ते साधलं तर नव्या-जुन्याचा वेग जुळेना. आत फुटक्या बॅटरीचा हिरवा, बुळबुळीत ओघळ, त्यात चिकटलेला झुरळाचा पंख, आणि कार्डावरून शेंबडासारखा लोंबणारा गोंद. काकूंना घास उतरत नसे.

"हे काम केलंस की ओकलास?"

"काकू, चालल्याशी मतलब."

एका दुपारी चाललं. पडद्यावर काकांच्या प्रोग्रॅमचं वर्तुळ ठिपक्याठिपक्याने उमटू लागलं. टिक, टिक.

"आता तरी हसा, काकू," पुतण्याची बायको म्हणाली.

"गप गं. ऐकू दे."

काकांच्या यंत्राची मेमरी इवलीशी. वर्तुळ तळाशी आलं की ती भरायची, यंत्र आवराआवरीला थांबायचं आणि काका म्हणायचे, "घ्या, पडलं विचारात." हे वर्तुळ तळाशी आलं आणि न थांबता पूर्ण झालं.

काकूंनी बटण बंद केलं, स्क्रूड्रायव्हरने जुना प्रोसेसर, यंत्राचा मेंदूच, उचकटला आणि बशीत ठेवला.

"अगं, त्याच्याशिवाय चालणारच नाही," पुतण्या चाचरला.

"मग बघूच की."

बटण दाबलं. टिक, टिक. वर्तुळ सुरू.

प्रेताच्या तोंडून भलत्यानेच बोलावं, तशी काकूंना शिसारी आली.

"जुळतच नव्हतं गं. कार्डातच नवा प्रोसेसर घातला, सगळं त्याच्याकडूनच करून घेतलं," पुतण्या खाली बघत म्हणाला. "मुद्दाम हळू चालवलं, तुला बरं वाटावं म्हणून."

"म्हणजे हे नुसतं खोकं. टिकटिकसुद्धा नाटकी." मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं काकूंनी ते कार्ड फडक्यात धरून काढलं. "ने हे माझ्या जेवायच्या जागेवरून."

पुढे पुतण्याने तसलीच कार्डं विकायला काढली. जुन्या यंत्रांच्या शौकिनांत धडाधड खपली; त्याने बंगला बांधला. त्याची बायको मात्र काकूंकडे येत राहिली. तिने व्हिनेगरने तो हिरवा घाण ओघळ खरवडला, काकूंकडून सोल्डरचे डाग द्यायला शिकली आणि जुन्याच जातीच्या चिप्स शोधून बसवल्या. यंत्र चालायचं, पण पाव वर्तुळ काढून बंद पडायचं.

"निदान स्वतःच्या मरणाने मरतंय," काकू म्हणायच्या.

काकू गेल्यावर ते यंत्र पुतण्याच्या बायकोकडे आलं. अजून पाव वर्तुळच काढतं. पुतण्या ते दुरुस्त करून देतो म्हणतो. ती त्याला हात लावू देत नाही.