कुलपाला घातलेला हार

कचरू गायकवाडांना कॉलेजात बोलायला बोलावलंय, ही बातमी वारज्याच्या त्यांच्या सोसायटीत त्यांनी स्वतःच घरोघर पोचवली. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या माणसाला एरवी कोण बोलावतंय? पण नात पूर्वा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, तिला श्याम आगाशेंची गाजलेली कादंबरी अभ्यासाला, आणि कैलासवासी श्यामराव म्हणजे आजोबांचे तरुणपणीचे जिवलग मित्र. पूर्वाने हे वर्गात सांगितलं आणि पद्मजा मॅडमनी लगेच आमंत्रण धाडलं. कचरूंनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घेतला. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती, आणि ती पोटात ठेवून त्यांचा उभा जन्म गेला होता.

कादंबरी दोन मित्रांची. दोघं मिळून वाचनालय काढायचं स्वप्न बघतात, एक गाळा भाड्याने घेतात. उद्घाटनाच्या दिवशी नायक पायरीवर मित्राची वाट बघत बसतो. हा मित्र म्हणजे भिवा, आणि भिवा म्हणजे कचरू, असं वर्गाने धरलेलंच होतं. तो येतच नाही, कुठेतरी दारू पिऊन पडलेला असतो. अंधार पडल्यावर नायक दारासाठी आणलेला हार कुलपाला घालतो आणि निघून जातो. त्या पानावर रडला नाही असा विद्यार्थी दाखवा. मुखपृष्ठावरसुद्धा तेच, कुलूप आणि हार.

आता खरं काय ते ऐका. पायरीवर बसले होते ते कचरू. आले नाहीत ते श्यामराव. त्या दिवशी श्यामरावांचा साखरपुडा होता, आणि कचरू गायकवाडला साखरपुड्याला बोलवावं असं त्यांच्या घरात कुणाच्या स्वप्नातही येणार नव्हतं. शेजारच्या शिंप्याने कचरूंना दोनदा चहा पाजला. कुलपाला हार त्यांनीच घातला. पुढे श्यामराव भेटले तेव्हा कचरूंनी भोळेपणाने सगळं त्यांना सांगितलं, अगदी हारासकट. श्यामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेखकाचं पाणी वाया जात नाही, काही वर्षांनी त्याची कादंबरी झाली. मैत्री गेली, वाचनालय गेलं, आणि वर कचरूंचं एकटेपणसुद्धा चोरीला गेलं. दारूच्या थेंबालाही हा माणूस कधी शिवला नव्हता. तरी श्यामराव होते तोवर ते मूग गिळून बसले. मित्राचं नाव होतंय, होऊ दे, म्हणाले. अशी माणसं असतात म्हणूनच चोरांचं फावतं.

वर्गात शाल झाली, श्रीफळ झालं. मग कचरूंनी सांगितलं, नीट, कुणाला शिव्या न देता. मुलांनी मोबाईल खाली ठेवले. कचरूंना वाटलं, पोचलं. तेवढ्यात पद्मजा मॅडम माईक घेऊन हसल्या.

"फारच हृद्य. वय झालं, की माणूस सगळीकडे स्वतःला नायकाच्या जागी बघायला लागतो. खुद्द भिवालाच आपण भिवा नाही असं वाटावं, याहून मोठं यश कादंबरीला कुठलं?"

टाळ्या पडल्या.

"अहो मॅडम, तो शिंपी..."

"शिंपी कादंबरीत नाही, काका. आपण चहा घ्या."

बाहेर आमोद नावाचा पूर्वाचा वर्गमित्र आडवा आला. हातात कोरं कुलूप, त्याला झेंडूचा हार. "आजोबा, एक रील करू या ना! मी पायरीवर बसतो, तुम्ही मागून झोकांड्या खात जायचं. ही बाटली धरा फक्त. डोंट वरी, रिकामी आहे."

कचरूंनी पूर्वाकडे बघितलं. शूटिंग तिच्याकडेच होतं, मोबाईल धरून ती तयार उभी होती.

"आबा, करा ना पटकन. सगळे थांबलेत."

कचरूंनी बाटली पायरीवर ठेवली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. गुडघे जुने, त्यात डोळ्यांना धड दिसेना, पाय वाकडेतिकडे पडत होते.

"परफेक्ट!" मागून आमोद ओरडला. "असेच जात राहा!"

पूर्वाने शूटिंग थांबवलं नाही. ती रील खूप चालली. सोसायटीतल्या लोकांनीही पाहिली, आणि जिन्यात कचरू भेटले की ते गालातल्या गालात हसू लागले.

परीक्षा जवळ आली तशी पूर्वा एका संध्याकाळी त्यांच्यापुढे वही घेऊन बसली.

"आबा, तुमचं मला खरं वाटतं हो. पण पेपर मॅडमच तपासणार. 'भिवा का आला नाही?' हा प्रश्न येतोच. काय लिहू?"

"खरं लिहिलंस तर?"

"शून्य. मग फर्स्ट क्लास गेला माझा."

पोरीच्या पेनाचं टोपण निघालेलं होतं, तिला घाई होती. कचरूंचा राग होता तिथेच होता, पण तो घेऊन जायचं कुठे, आणि द्यायचा कुणाला? ह्या पोरीला?

"लिही," ते म्हणाले. "भिवा दारुडा होता. मित्र काय असतो, हे त्याला कधी कळलंच नाही. तो बिचारा पायरीवर बसून राहिला, आणि हा..."

"आबा, हळू सांगा ना," पूर्वा म्हणाली.

कचरूंनी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, हळू.