माझी झालर कोणी नेली

मित्रांनो, मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. न बसो. आजवर माझ्यावर पुष्कळ जण बसले, विश्वास तेवढा कोणाचा बसला नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही.

मी एक जुनी शिसवी खुर्ची आहे. मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या पाठीवर वेल कोरली. ती इतकी हुबेहूब उतरली, की त्याने हत्यार खाली ठेवायच्या आत शेजारची शेळी येऊन दोन पानं खाऊन गेली. डाव्या कोपऱ्यात अजून तिच्या दातांची खूण आहे. लोक म्हणतात, उंदराने कुरतडलं असेल. म्हणोत बापडे. तेव्हापासून पाठीमागे येऊन उभ्या राहणाऱ्या कोणाचाच मी भरवसा धरत नाही.

माझ्या बैठकीला लाल मखमल होती आणि मखमलीच्या कडेने सोनेरी झालर. ज्या घरात मी नांदले तिथे माझा मान मोठा. पाहुणा आला की आधी मला पुसायचे, मग त्याला पाणी विचारायचे. घरची बाई, म्हणजे या गोष्टीतली थोरली बहीण, मला दर आठवड्याला तेलाचा हात द्यायची. पुढे तिचे यजमान गेले, घर सुनं झालं आणि थोरली भिंतींशी बोलू लागली. तेव्हा धाकटी बहीण येऊन म्हणाली, “ताई, माझ्याकडे राहायला चल. तुझा हा लाकडी दरबारही घेऊन ये.”

‘दरबार’ हा शब्द मला तेव्हाच खटकला होता.

धाकटी एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढायची. तिचं घरही आराखड्यासारखंच होतं. पांढऱ्या भिंती, सरळ रेषा, एक दिवा, एक कुंडी. बसायला नळीच्या लोखंडी खुर्च्या, नुसती हाडं. त्या घरात मी शिरले तेव्हा सुतकाच्या घरी शालू नेसून आल्यासारखं वाटलं मला.

“घरात वस्तू कमी असल्या की माणूस उठून दिसतो,” धाकटी म्हणाली.

“आणि अजिबात नसल्या की वनवासी दिसतो,” थोरली म्हणाली.

शेवटी दोघींनी एक कायदा केला. प्रत्येक जागी एक तुझं, एक माझं. नक्षीच्या कपाटाला लागून पांढरी फळी. पितळी समईसारख्या दिव्याशेजारी काचेचा गोळा. आणि जेवणाच्या टेबलाशी मी आणि एक लोखंडी, शेजारीशेजारी. यालाच त्या दोघी मेळ म्हणत. मेळ कसला, वाटणी होती ती. शेजारीण यायची ती चहा उभ्यानेच प्यायची. म्हणायची, “नको बाई, तुमच्याकडे बसलं की कोणाची तरी बाजू घेतल्यासारखं होतं.”

थोरलीने जुनं घर विकलं नव्हतं. त्याची किल्ली तिच्या पर्समध्ये होती. बहिणींचं थोडं वाजलं की तिचा हात पर्सकडे जायचा. म्हणजे मित्रांनो, हा दोन तऱ्हांचा संसार जमला नाही, तर थोरली पुन्हा त्या बंद घरात एकटी, आणि तिच्यामागे मीही. म्हणून मी डोळ्यांत तेल घालून असायची. एके दिवशी धाकटीने टेप आणून माझी बैठक मोजली. मोजणारा माणूस एक तर शिवतो, नाही तर कापतो. ही शिवणारी नव्हती.

आणि मग माझी झालर गेली.

दुपारी डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा माझ्या कडा उघड्या. संध्याकाळी धाकटी कामावरून आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. मग ती तशीच आत निघून गेली. थोरली जेवणाची पानं घ्यायला लागली. मी मनाशी म्हटलं, चोर कोण ते ठरलं. चेहरा पाडण्यात काही माणसं पटाईत असतात.

पुढच्याच दिवशी माझ्या शेजारची लोखंडी गायब. आता थोरली त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली. तिने पलंगाखालची ट्रंक ओढली आणि आपल्या साड्या भरायला घेतल्या.

धाकटी घरी आली ती दारातच थांबली. “म्हणजे मला वाटलं ते खरंच,” ती म्हणाली. “झालर उसवलीस तेव्हाच कळलं मला. एकेक वस्तू काढून न्यायला लागलीस. तोंडाने सांगितलं असतंस तर मी काय अडवणार होते?”

“मी न्यायला लागले?” थोरलीने हातातली साडी ट्रंकेत टाकली. “जोडीतली तुझी खुर्ची तू हलवलीस. एक तुझं, एक माझं संपलं, हे मला रिकामी जागा दाखवून सांगायचं होतं का? तोंड तुलाही आहे.”

“खुर्ची मी दुरुस्तीला दिलीय.”

“लोखंडाला काय दुखतंय?”

“झालर का काढलीस ते आधी सांग.”

मी त्या दोघींकडे आळीपाळीने पाहत होते आणि मला दोघींचाही संशय येत होता. तेवढ्यात दारात सोफे दुरुस्त करणारा गादीवाला उभा राहिला. त्याच्या डोक्यावर लोखंडी होती. तिच्या हाडांवर आता जाड लाल गादी होती आणि गादीच्या कडेने माझी झालर.

थोरली पुढे गेली. तिने झालर बोटांनी चाचपली. “ही तर मी तुला देऊन टाकली होती,” ती गादीवाल्याला म्हणाली. “कोणाला लागली तर दे म्हटलं होतं.”

“यांना लागली,” गादीवाला धाकटीकडे बोट दाखवत म्हणाला. “त्यांनी गादीचं माप आणलं, या लाकडी खुर्चीइतकी हवी म्हणाल्या. वर झालर हवी, तीही जुन्या तऱ्हेची. माझ्याकडे एकच होती.”

“मग तिला सांगायचं नाही का?”

“तुम्ही म्हणालात, धाकटीला बोलू नको. त्या म्हणाल्या, ताईला बोलू नको. मी आपला दोघींशी इमानाने वागलो. आता ही कुठे ठेवू ते सांगा, मान मोडली माझी.”

धाकटी मटकन ट्रंकेवरच बसली. “तू माझ्या खुर्चीवर कधी टेकायची नाहीस, ताई. बसलीस तरी काठावर. वाटलं, टोचत असेल.”

“आणि तू फोनवर कोणाला तरी म्हणालीस, घरात पाऊल टाकलं की ती झालरच डोळ्यांत खुपते.”

“म्हणाले. पण उसव म्हणाले नव्हते.”

“ट्रंकेवरून ऊठ,” थोरली म्हणाली. “साड्या चुरगळतील. परत कपाटात ठेवायच्या आहेत.”

लोखंडीला माझ्या शेजारी ठेवलं. त्या दिवसापासून कोणती खुर्ची कोणाची हे सांगणं अवघड झालं, आणि शेजारीण बसून चहा पिऊ लागली.

मित्रांनो, माझं इतकंच मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूला पुसा, तेल लावा, तिचे सांधे बघा. नव्या वस्तूलाही जपा, तीही कधीतरी म्हातारी होणार आहे. आणि कोणासाठी काही करायचंच असेल, तर त्याच्या कानावर घालून करा.

माझं म्हणाल, तर मी अजूनही सावध असते. माझी झालर अंगावर मिरवणाऱ्या त्या लोखंडीशी माझं जेवढ्यास तेवढं. तिचं वारंही मी लागू देत नाही. आमच्या दोघींमधून माणूस जाईल एवढं अंतर मी पहिल्यापासून राखून आहे.

“कुठलं अंतर, आजी?” शेजारून लोखंडी म्हणाली. “सकाळपासून तू माझ्या अंगावर रेलली आहेस. थोरलीबाईंनी तीनदा सरळ केलं तुला.”